जिंगल आधी स्टुडिओत शिळी होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला रेडिओवरचा लेख वाचला. बरंचसं पटलं. पण शेवटाकडे लेखकाने रेडिओ स्टेशनांना जाता जाता एक सल्ला देऊन टाकला आहे: दर सहा महिन्यांनी आपला आवाज बदला, नाहीतर श्रोता कंटाळून दुसरीकडे जाईल. त्या एका वाक्यासाठी हे पत्र. लांब वाटलं तर कात्री आपल्या हातात आहेच. मीही आयुष्यभर तीच चालवली आहे.

मी २३ वर्षं रेडिओच्या प्रॉडक्शन विभागात होते. निवेदिका नव्हे, माझा आवाज हवेत कधीच गेला नाही. दोन गाण्यांच्या मध्ये स्टेशनचं नाव सांगणारे जे तुकडे असतात, ते तयार करायचे, कापायचे, जोडायचे आणि संगणकात त्यांच्या त्यांच्या जागी बसवायचे, हे माझं काम. गायलेलं नाव असेल तर जिंगल. बोललेलं नाव आणि मागे सूं-झप असे आवाज असतील तर स्वीपर. मागे काहीच नसेल, कोरडं वाक्य असेल, तर ड्राय लाइनर. पुढच्या कार्यक्रमाची जाहिरात म्हणजे प्रोमो. निवेदक बोलत असताना खाली वाजत राहणारं संगीत म्हणजे बेड. तास भरताना वाजणारी मोठी, भारदस्त ओळख म्हणजे टॉप ऑफ द अवर. या सगळ्या गोतावळ्याला मिळून आम्ही इमेजिंग म्हणायचो. लेखकाने हा सगळा गोतावळा एका दावणीला बांधला आणि सगळ्यांना सहा महिन्यांची एकच मुदत दिली. माझी हरकत तिथे आहे.

आधी हिशेब मांडते. समजा, एका तासात अशा ओळखी १२ वेळा वाजतात. आमच्या खोलीत भिंतीवरचा स्पीकर सकाळी चालू झाला की संध्याकाळपर्यंत बंद होत नसे. आठ तास धरले तर दिवसाला ९६ वेळा. घरी किंवा गाडीत रोज ४० मिनिटं रेडिओ लावणारा श्रोता अशा ओळखी आठ वेळा ऐकतो. म्हणजे आमच्या एका महिन्यात जेवढं कानावर पडतं, तेवढं ऐकायला त्याला वर्ष लागतं. त्यातून हे आठही तुकडे वेगवेगळे. संगणकात ३० तुकड्यांचा साठा फिरत असेल, तर एकेक तुकडा त्याच्या वाट्याला साधारण चार दिवसांतून एकदा येतो. सहा महिन्यांत ४८ वेळा. त्या ४८ पैकी निम्म्या वेळा तो दार उघडायला उठलेला असतो किंवा कुणाशी तरी बोलत असतो. माणसाच्या ओठांवर एखादी चाल कुठे यायला लागते, तेवढ्यात आम्ही ती काढून घ्यायची?

आणि आमच्या हिशेबात मी एक गोष्ट धरलेलीच नाही. जिंगल हवेत जाण्याआधी ती बनवताना आम्ही तिला दोनशे वेळा तरी ऐकलेलं असतं. गायकाचा श्वास कुठे येतो, ढोलाचा ठोका किती उशिरा पडतो, सगळं. पहिल्या दिवशी श्रोत्याला ती नवी कोरी. आम्ही मात्र तिला आधीच विटलेलो. अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात, ती इथे शब्दशः आमच्या खोलीत बसलेली असते. मीटिंगमध्ये कुणी 'आपलं स्टेशन फार जुनं वाटायला लागलंय' असं म्हणालं की समजावं, त्या माणसाचे कान किटले आहेत. श्रोत्याचं मत अजून कुणी विचारलेलंच नसतं.

हे मी दुसऱ्यांना शिकवत नाही. हे पाप मी स्वतः केलेलं आहे.

आमच्या स्टेशनची ओळख चार सुरांची होती: प, म, ग, आणि मग थेट सा. ग वरून रे गाळून एकदम सा. ऐकायला काहीच नाही. पण त्या उडीत काहीतरी पोचल्याची भावना होती. सात वर्षं ती चालली. एका मीटिंगमध्ये ती 'थकलेली' ठरली. खोलीत आम्ही १२ जण होतो. माना डोलावणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होते, कारण मला काहीतरी नवं करून बघायचं होतं. नवं पॅकेज मागवलं: ४० कट म्हणजे तुकडे, नवा संगीतकार, नवा आवाज, नवे बेड. संगीतकार हुशार होता. त्याने शेवटचा सूर सा वर न आणता ग वरच तरंगत ठेवला, कारण ते आधुनिक वाटतं. वाटतंही. पण घरापर्यंत येऊन उंबऱ्यावरच उभं राहावं, तसं ते होतं. तेव्हा मला ते कळलं नाही. एका सोमवारी पहाटे सहाला आम्ही सगळंच्या सगळं एका फटक्यात बदललं. आदल्या रात्री जुने तुकडे संगणकातून काढताना मला हुरूप आला होता, हे कबूल करते.

सातच्या आत फोन सुरू झाले. एका गृहस्थांना दिसत नव्हतं. त्यांच्याकडे गोल बटणाचा जुना संच होता. ते बटण फिरवत आमच्यावरून दोनदा पुढे गेले आणि दोनदा मागे आले, आणि शेवटी त्यांनी फोन करून विचारलं, 'तुमच्या जागी दुसरं कुणी आलंय का?' तक्रारीचा सूर नव्हता, हेच मला जास्त लागलं. ते चार सूर म्हणजे त्यांच्यासाठी दारावरची पाटी होती आणि ती आम्ही रात्रीत उतरवली होती. एका बाईंनी सांगितलं की सातची जिंगल वाजली की त्या मुलांना उठवायच्या. आज वाजलीच नाही, म्हणून सगळंच उशिरा झालं. वाजली होती. त्यांना ती त्यांची वाटली नाही, एवढंच. दहा दिवसांत 'छान केलंत' म्हणणारा एकही फोन आला नाही.

एकोणिसाव्या दिवशी मी एका नव्या जिंगलच्या शेपटाला जुने चार सूर परत लावले. नवा ताल, नवा गायक, नवी वाद्यं, फक्त शेवट जुना. मग तसेच बाकीच्यांना. फोन थांबले. गंमत म्हणजे त्यानंतर उरलेलं सगळं नवं आहे, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. ४० कटांच्या त्या खर्चिक पॅकेजमध्ये श्रोत्यांच्या मालकीचे फक्त चार सूर होते आणि नेमके तेच आम्ही फेकून दिले होते.

तेव्हापासून 'किती दिवसांनी बदलायचं' असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, 'काय बदलायचं?'

प्रोमोला तर सहा महिने हे आयुष्य नव्हे, थट्टा आहे. प्रोमो हे फळ्यावरचं लिखाण; कार्यक्रम झाला की पुसायचं. आठवड्याने, फार तर दोन आठवड्यांनी. माझ्या हातून एकदा स्पर्धेच्या एका प्रोमोला किल डेट टाकायची राहिली. किल डेट म्हणजे ज्या तारखेनंतर संगणक तो तुकडा आपोआप वाजवायचं थांबवतो ती. स्पर्धा संपली, बक्षीस देऊन झालं, आणि प्रोमो पुढे ११ दिवस मोठ्या उत्साहात 'अजूनही वेळ गेलेली नाही' म्हणत होता. कुणीतरी उत्तर पाठवलं तेव्हा उघडकीला आलं. गंमत म्हणजे उत्तर बरोबर होतं. स्टेशन शिळं वाटतं ते अशा गोष्टींनी. सोडून गेलेल्या निवेदकाचं नाव अजून स्वीपरमध्ये येतं, बदललेला फोन नंबर रात्री दोनच्या तुकड्यात तसाच राहिलेला असतो, 'आता नव्या रूपात' हे वाक्य दोन वर्षं हवेत असतं. अशा चुका शोधायला सहा महिने थांबायचं कारण नाही. दर सोमवारी अर्धा तास काढला तर पुरतो. आणि रात्रीचे तुकडे मुद्दाम ऐकावे लागतात, कारण त्या वेळी ऑफिसातलं कुणी जागं नसतं.

स्वीपरचं वेगळं. त्यातही एक अनुभव असा की तुकडा जितका हुशार, तितका अल्पायुषी. विनोदी स्वीपरला पहिल्यांदा हसू येतं, दुसऱ्यांदा ओळखीचं हसू येतं, पाचव्यांदा माणूस आवाज कमी करतो. विनोदाचे तुकडे मी महिन्या-दीड महिन्यात काढत असे. नुसतं नाव आणि एक साधं वाक्य सांगणारा ड्राय लाइनर मात्र वर्षानुवर्षं चालतो. त्यात शिळं होण्यासारखं काही नसतंच. त्यामुळे स्वीपरांची मुदत मी कॅलेंडरवर कधी धरली नाही. वाजवण्याची नोंद संगणकात असते. कुठला तुकडा किती वेळा गेला ते एका बटणावर कळतं. त्या आकड्यावरून, थोडे थोडे, महिन्याला पाच-सहा काढायचे आणि पाच-सहा घालायचे. श्रोत्याला ताजेपणा जाणवतो, बदल जाणवत नाही.

आणि मूळ चाल? तिला हातच लावू नये, असं माझं मत आहे. तिचे कपडे बदलावेत.

या बाबतीत जगभरच्या रेडिओने बरंच सोसून झालेलं आहे. बीबीसीच्या रेडिओ ४ वर रोज पहाटे 'यूके थीम' वाजायची, तिथल्या लोकधुनांची एक गुंफण, फ्रिट्झ स्पीगल यांनी बांधलेली. १९७८ पासून वाजत होती. २००६ च्या एप्रिलमध्ये ती बंद करून त्या जागी बातम्या आणल्या. पहाटे साडेपाचला कोण ऐकतंय, असं वाटलं असणार. पण हजारो लोकांनी विरोधाच्या सह्या केल्या, थेट पार्लमेंटमध्ये विषय निघाला. धून काही परत आली नाही. अमेरिकेत एनपीआरच्या 'मॉर्निंग एडिशन' या सकाळच्या कार्यक्रमाची धून १९७९ पासूनची, बी. जे. लायडरमन यांची. २०१९ च्या मे महिन्यात तिला नवं रूप दिलं, तर श्रोत्यांनी समाजमाध्यमांवर गहजब केला. त्याच संस्थेच्या संध्याकाळच्या कार्यक्रमाचं उदाहरण याच्या शेजारी ठेवून बघावं. 'ऑल थिंग्ज कन्सिडर्ड' १९७१ चा. त्याची डॉन व्होगेली यांची चाल वेगवेगळ्या वाद्यमेळांत पुन्हा पुन्हा बांधली गेली. १९९५ मध्ये वायक्लिफ गॉर्डन या जॅझ वादकाने तिला नवा साज चढवला. ऑस्ट्रेलियात एबीसी रेडिओच्या बातम्यांआधी चार्ल्स विल्यम्स यांचं 'मॅजेस्टिक फॅनफेअर' १९५२ पासून वाजतं. १९८८ मध्ये रिचर्ड मिल्स यांनी त्याची नवी मांडणी केली. चाल तीच ठेवली. बातम्या लागल्या, हे न बघता कळतं.

आणि आकाशवाणीची संकेतधून. १९३० च्या दशकातली, वॉल्टर कौफमन यांच्या नावावर असलेली. कौफमन कार्ल्सबाडचे, ज्यू. युरोपात दिवस फिरले आणि १९३४ मध्ये ते मुंबईला आले, पुढे रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख झाले. (स्पीगलही ऑस्ट्रियातून नाझींच्या भीतीने इंग्लंडला आलेले. दोन देशांची पहाट ज्या सुरांनी झाली, ते बांधणारे दोघंही आपलं घर सोडून आलेले होते. याचा माझ्या मुद्द्याशी काही संबंध नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.) २०२३ मध्ये प्रसार भारतीने 'ऑल इंडिया रेडिओ' हे इंग्रजी नाव बाजूला ठेवून फक्त 'आकाशवाणी' ठेवलं. नाव बदलण्याचा निर्णय कागदावर झाला. धून बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही. तंबोऱ्याच्या पार्श्वभूमीवर ते व्हायोलिन सुरू झालं की कागद वाचावा लागत नाही.

तास भरताना वाजणारे बीबीसीचे सहा ठोके तर याहून टोकाचं उदाहरण. ५ फेब्रुवारी १९२४ ला पहिल्यांदा वाजले. शंभर वर्षं होऊन गेली. मधल्या काळात कानाला कळेल असा एकच बदल झाला: १९७२ पासून सहावा ठोका लांब केला. तोही हौस म्हणून नव्हे. त्या वर्षापासून घड्याळात अधूनमधून एक सेकंद जादा घालायची पद्धत आली, मग ठोके सातही होऊ शकतात. नेमका तास कुठल्या ठोक्याला सुरू झाला ते कळावं, म्हणून शेवटचा लांब. बदल करायचा तर असं कारण हवं. अमेरिकेत एनबीसी या प्रसारण कंपनीच्या तीन सुरांच्या घंटेला १९५० मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी मिळाली. निव्वळ आवाजाला अशी नोंदणी मिळण्याची तिथली ती पहिली वेळ. तीन सूर ही मालमत्ता ठरते, हे वकिलांना तेव्हाच कळलं होतं.

आता दुसरी बाजू, कारण माझ्याशी या विषयावर सतत भांडणारा एक सहकारी होता आणि तो हे पत्र वाचणार आहे.

त्याचं म्हणणं, चाल सोड, आवाजाचा पोत जुना होतो. बरोबर आहे. स्वीपरमधले ते लेझर बंदुकीसारखे आवाज, गुहेत बोलल्यासारखा एको, शब्दाचं पहिलं अक्षर तीनदा अडखळवणं, हे सगळं त्या त्या वर्षीची फॅशन असते आणि फॅशनइतकं लवकर काहीच जुनं होत नाही. मी स्वतः अडखळणाऱ्या अक्षरांचे इतके तुकडे केले आहेत की आज ऐकताना मान खाली जाते. दुसरं, गाणी बदलतात. जिंगलचं खरं काम दोन गाण्यांना जोडणं. म्हणून पॅकेजमध्ये संथ गाण्यातून जलद गाण्यात नेणाऱ्या जिंगल वेगळ्या असतात, जलदमधून संथमध्ये उतरवणाऱ्या वेगळ्या. स्टेशनवरची गाणी चार-पाच वर्षांत जास्त जलद, जास्त ठोकेबाज झाली, तर जुनी जिंगल मध्येच ब्रेक लागल्यासारखी वाटते. तेव्हा ती नव्याने गाऊन घ्यायलाच हवी. याला धंद्यात रीसिंग म्हणतात: चाल तीच, गळे नवे. डॅलसच्या पॅम्स कंपनीने यावरच नाव कमावलं. एकच चाल शेकडो स्टेशनांना त्यांच्या त्यांच्या नावाने गाऊन द्यायची. बीबीसीने ३० सप्टेंबर १९६७ ला रेडिओ १ सुरू केलं, तेव्हा जिंगल पॅम्सच्याच घेतल्या. त्याआधी समुद्रातल्या जहाजावरून चालणारं, त्याच ऑगस्टमध्ये बंद पडलेलं रेडिओ लंडनही पॅम्सच्याच वापरायचं. म्हणजे अगदी नवं स्टेशनसुद्धा पहिल्या दिवशी थोडं ओळखीचं वाटावं, अशी सोय केली गेली. नव्यात जुनं मिसळायचं ते असं.

तिसरं त्याचं म्हणणं मोजणीचं होतं, आणि ते मला उशिरा पटलं. अमेरिकेत पूर्वी श्रोते डायरीत लिहायचे, आज अमुक स्टेशन ऐकलं. लिहायचं तर नाव आठवायला हवं. म्हणून स्टेशनं आपलं नाव येता-जाता कानीकपाळी ओरडायची. २००७ पासून तिथे मोठ्या शहरांत पीपल मीटर आले. अंगावर बाळगायचं छोटं यंत्र, प्रक्षेपणात मिसळलेला कानाला न कळणारा संकेत ते स्वतःच ओळखतं. आता नाव आठवण्याची गरज उरली नाही. माणूस तिथे थांबला की नाही, एवढंच मोजलं जातं. मग लांबलचक स्वीपर अंगावर यायला लागले आणि दोन-तीन सेकंदांचे झाले. अशी खरी कारणं आली की बदलावंच. माझं भांडण फक्त 'सहा महिने झाले' या कारणाशी आहे.

रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी माणसाला ती आवडायला लागते. दोन वर्षांनी डॅनियल बर्लाइनने त्याला जोड दिली: आवड वाढते, एका टप्प्याला पोचते, मग उतरते, आणि साध्या गोष्टी लवकर उतरतात, थोड्या गुंतागुंतीच्या सावकाश. हे वाचल्यावर माझी पंचाईत झाली, कारण माझा अनुभव वेगळा. चार सुरांहून साधं काय असणार? मग वाटलं, संकेतधून माणूस गाणं म्हणून ऐकतच नाही. आपल्या घराच्या दाराच्या कडीचा आवाज आवडतो की नावडतो, असं कुणी विचारतं का? ती वाजली की कुणीतरी आलं, एवढं कळतं. प्रयोगशाळेत बसून मुद्दाम ऐकणं वेगळं आणि दुसरं काम करताना कानाआडून जाणं वेगळं. हे माझं म्हणणं, शास्त्राचं नव्हे.

मी कामाला लागले तेव्हा स्पूल टेप होत्या. ब्लेडने तिरका छेद द्यायचा, चिकटपट्टीने जोडायचं. रोज वाजणारी टेप हळूहळू झिजायची. तिच्यावरची तपकिरी पूड हेडवर उतरायची, वरचे सूर मंद व्हायचे आणि एक दिवस जोड सुटायचा. मग मूळ टेपवरून नवी प्रत काढायची. त्या वेळी कुणीतरी मूळ पुन्हा ऐकायचं आणि ठरवायचं: हीच ठेवू या का? म्हणजे बदलाचा विचार करायची वेळ टेपच सांगायची. संगणकातली फाइल दहा हजाराव्या वेळीही पहिल्यासारखीच वाजते. झिजणारं काही उरलं नाही, म्हणून मग आम्ही कॅलेंडर बघायला लागलो.

लेखकाला आणि स्टेशन चालवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. मोठा बदल करायचाच असेल तर थर एकेक करून बदला. आमचा मुख्य आवाज निवृत्त झाला तेव्हा आधीची चूक लक्षात ठेवून मी नवा आवाज आधी फक्त हवामानाच्या सूचनेला दिला. महिन्याभराने प्रोमोला. मग स्वीपरमध्ये दोन्ही आवाज मिसळले, एकाच वाक्यात अर्धं त्यांचं, अर्धं याचं. तासाच्या ओळखीला जुना आवाज सर्वांत शेवटपर्यंत ठेवला. चार महिने लागले. एकही फोन आला नाही. चौथ्या महिन्यात निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांनीच फोन करून विचारलं, 'मी अजून वाजतोय का?' म्हटलं, तासाला एकदा.

आणि कौल घ्यायचा तर ऑफिसात घेऊ नका, हिशोबनीसाकडेही नको. तोही दिवसभर तोच स्पीकर ऐकतो. बाहेरच्या दहा माणसांना स्टेशनची जिंगल नुसती गुणगुणायला सांगा. शब्द चुकले तरी चालतील. दहापैकी सात जणांना चाल आली, तर ती तुमची सर्वांत मोठी कमाई आहे. तिला नवे कपडे शिवा, पण तिला घराबाहेर काढू नका. दोघांनाच आली, तर खुशाल बदला. जे कुणाला ठाऊक नाही ते गेल्याचं कुणाला कळणार?

जुन्या तुकड्यांची एक प्रत मात्र जपून ठेवा. आमच्याकडे त्या रात्री मी काढून टाकलेल्या ४० पैकी ३१ फाइल परत मिळाल्या; नऊ कायमच्या गेल्या. ते शेवटचे चार सूर मला एका जुन्या प्रोमोच्या शेपटातून कापून काढावे लागले, मागे कुणाचा तरी हसण्याचा आवाज होता तो तसाच राहिला. पुढे सहा वर्षं ती जिंगल त्या हसण्यासकट वाजत होती.

आपली,
एक निवृत्त ध्वनिसंकलक

ता. क. पत्र संपवून मी घरात सहज विचारलं, 'आमच्या स्टेशनची जिंगल गाऊन दाखव.' यजमानांनी चष्मा न काढता प, म, ग, सा गुणगुणलं आणि शेवटी हलकंसं हसले. ते हसणं त्यांचं स्वतःचं होतं की जिंगलमधलं, ते मी विचारलं नाही.